डेटा इंजिनिअर पदासाठी पाच फेऱ्या: एका भरती प्रक्रियेचे परीक्षण

काही महिन्यांपूर्वी मी एका कंपनीत डेटा इंजिनिअर (माहिती गोळा करून ती वापरण्याजोगी करणारा) पदासाठी मुलाखत दिली. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), प्रोग्रॅमिंग, घरी करून आणायचे काम, सिस्टिम डिझाइन (मोठ्या प्रणालीची रचना) आणि व्यवस्थापकांशी चर्चा अशा एकूण पाच फेऱ्या झाल्या. मला परीक्षण करायचे आहे ते प्रक्रियेचे, म्हणून कंपनीचे नाव येथे दिलेले नाही.

पहिली फेरी एसक्यूएलची होती आणि ती इतकी विचारपूर्वक आखलेली होती की पुढे मी स्वतः कोणाची मुलाखत घेतली, तर हीच पद्धत वापरेन. एका तक्त्यात प्रत्येक ऑर्डरच्या अनेक नोंदी होत्या आणि प्रत्येक ऑर्डरची फक्त शेवटची नोंद हवी होती. रो-नंबर (ओळींना क्रमाने एकेक क्रमांक देणारे फंक्शन) वापरून मी उत्तर लिहिले. हा प्रश्न बहुतेक उमेदवारांनी पाठ केलेला असतो. परंतु मुलाखतकारांनी लगेच विचारले, की दोन नोंदींची वेळ अगदी सारखी असेल तर काय होईल. तेव्हा रो-नंबर त्यांपैकी कोणतीही एक निवडेल आणि प्रत्येक वेळी तीच निवडेल याची खात्री नसते, तर रँक (समान ओळींना समान क्रमांक देणारे फंक्शन) वापरल्यास दोन्ही नोंदी येतील. म्हणजे क्रम निश्चित करणारा आणखी एक स्तंभ आवश्यक आहे, येथपर्यंत आम्ही पोहोचलो.

दुसऱ्या प्रश्नात माझी चूक झाली. सर्व ग्राहकांची यादी आणि प्रत्येकाच्या गेल्या महिन्यातील ऑर्डरींची संख्या हवी होती. एकही ऑर्डर नसलेल्या ग्राहकापुढे शून्य यायला हवे होते. मी लेफ्ट जॉइन (ऑर्डर नसली तरी प्रत्येक ग्राहक ठेवणारी तक्त्यांची जोडणी) केला, पण ऑर्डरच्या तारखेची अट व्हेअरमध्ये (जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात) लिहिली, त्यामुळे ज्यांची ऑर्डरच नव्हती ते ग्राहक यादीतून गळून पडले. मुलाखतकारांनी चूक दाखवली नाही. त्यांनी पाच ओळींचा नमुना पुढे ठेवून माझी क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेली विचारणा) हाताने चालवून पाहायला सांगितले. दोन मिनिटांत चूक माझ्याच लक्षात आली, अट मी ऑनमध्ये (जोडणीच्याच अटीत) हलवली, आणि सर्व ओळी मोजण्याऐवजी ऑर्डर क्रमांक मोजला नाही तर शून्याच्या जागी एक येईल हेही त्याच ओघात सुचले. प्रत्यक्ष कामावर आकडे जुळत नाहीत तेव्हा आपण हेच करतो, आणि उमेदवार ते करू शकतो की नाही हे पाहण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या फेरीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बायनरी ट्रीचे (प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त दोन फांद्या असलेल्या रचनेचे) एक कोडे होते, ते सुटले. मेमरीत न मावणारी फाइल ओळीओळीने वाचून तिच्यातील खराब नोंदी बाजूला काढायला सांगितले असते, तर या पदाला उपयोगी असे बरेच काही कळले असते.

घरी करायचे काम चार तासांचे आहे असे लेखी कळवले होते. मला शनिवार आणि रविवार असे दोन्ही दिवस लागले. काम स्वतः उत्तम होते: दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या तारखा, काही ठिकाणी नसलेले ग्राहक क्रमांक, आणि तीच फाइल पुन्हा चालवली तरी नोंदी दुप्पट होऊ नयेत ही अट. मी चाचण्या लिहिल्या, गृहीतके नोंदवून ठेवली. पुढील कोणत्याही फेरीत त्या कामाचा साधा उल्लेखही झाला नाही. दोन दिवस मागायचे आणि नंतर त्यावर अर्धा तासही बोलायचे नाही, हे मला अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

डिझाइनच्या फेरीने मात्र पुन्हा उमेद दिली. मोबाइल ॲपमधील घटना काफ्कामधून (घटनांचे संदेश पोहोचवणाऱ्या प्रणालीतून) येतात, फोन इंटरनेटपासून तुटलेला असल्यास काही घटना दोन-दोन दिवस उशिरा येतात, आणि त्यांवरून रोजचा अहवाल तयार करायचा आहे, अशी मांडणी होती. मी स्ट्रीमिंग (घटना येतील तशा लगेच हाताळणे) आणि वॉटरमार्क (उशिरा येणाऱ्या घटनांसाठी किती थांबायचे याची मर्यादा) यांपासून सुरुवात केली, तेव्हा समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, की अहवाल दिवसातून एकदाच वाचला जात असेल तर स्ट्रीमिंग कशासाठी. कारण सांगता येईना, म्हणून मी रोजच्या बॅचकडे (साठलेला डेटा ठरलेल्या वेळी एकदम हाताळण्याकडे) वळले: घटना घडल्याच्या तारखेनुसार पार्टिशन (डेटाचे वेगळे भाग), दररोज मागच्या तीन दिवसांची पुनर्गणना आणि प्रत्येक पार्टिशन पूर्ण पुसून नव्याने लिहिणे, म्हणजे एअरफ्लोने (कामे ठरलेल्या वेळी चालवणाऱ्या साधनाने) तेच काम पुन्हा चालवले तरी निकाल बदलत नाही. काफ्काकडून एकच घटना दोनदा येऊ शकते, म्हणून घटनेच्या क्रमांकावरून पुनरावृत्ती काढणेही त्यात आले. मग स्पार्क (मोठा डेटा अनेक यंत्रांवर वाटून हाताळणारी प्रणाली): एकाच मोठ्या ग्राहकाकडे निम्म्या नोंदी असतील, तर शफलच्या (नोंदी ग्राहकानुसार पुन्हा वाटण्याच्या टप्प्याच्या) मूळच्या 200 पार्टिशनांपैकी बहुतेक लवकर संपतात आणि एकच रखडत राहते. 2021 मधील 3.2 आवृत्तीपासून आपोआप सुरू असलेली ॲडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्यूशन (काम चालू असतानाच त्याची आखणी बदलणारी सोय) असा जॉइन काही वेळा सावरून घेते. तरीही ते जमत नसेल तेव्हा कीला (ज्यावरून नोंदी वाटल्या जातात त्या मूल्याला) सॉल्ट (यादृच्छिक जोड) लावून ती कशी विभागायची, हे त्यांनी माझ्याकडून फळ्यावर काढून घेतले.

व्यवस्थापकांशी झालेली चर्चा सौजन्यपूर्ण होती. त्यानंतर तीन आठवडे काहीही कळले नाही आणि मग दोन ओळींचा नकार आला. कारण विचारणाऱ्या माझ्या ईमेलला उत्तर मिळालेले नाही.

एसक्यूएल आणि डिझाइन या दोन फेऱ्यांसाठी ही प्रक्रिया देऊन पाहावी, असे मी इतर उमेदवारांना सांगेन. मात्र घरचे काम स्वीकारण्यापूर्वी ते कोण तपासणार, कशावरून तपासणार आणि त्यावर चर्चा केव्हा होणार, हे लेखी विचारून घ्यावे, आणि चार तास संपले की जेवढे झाले तेवढेच, काय राहिले ते नोंदवून, पाठवावे.