व्हीजीए पोर्ट बघून खूश झालो आणि तिथेच फसलो

आधी पीसी सांगतो म्हणजे मी कुठे अडलो ते कळेल. आय-फाईव्ह ३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साडेअठरा इंची जुना मॉनिटर ज्याला मागे फक्त व्हीजीए (जुना अॅनालॉग डिस्प्ले पोर्ट) आहे, आणि एक लोकल एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा. त्याच्यावर ४५० वॅट छापलंय पण तो तेवढे देत असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. धाकट्या भावाला कबूल केलं होतं की बारावी झाली की जीटीए फाईव्ह हा गेम नीट चालेल असं ग्राफिक्स कार्ड घेऊन देतो. बजेट पाच हजार, म्हणजे सेकंडहँडच.

आठवडाभर डोकं खपवलं. आरएक्स ५८० हे कार्ड सगळे सांगत होते पण ते एकटंच १८५ वॅट खातं, आठ पिनची वायर मागतं, म्हणजे आधी एसएमपीएस बदला, म्हणजे बजेट बोंबललं. शिवाय ५८० च्या नावाखाली २०४८एसपी वालं कमी ताकदीचं कार्ड खपवतात ते वेगळंच, खऱ्यात २३०४ कोअर (चिपमधली हिशोब करणारी युनिट) असतात, ह्यात २०४८, म्हणजे जवळपास त्याच्या खालचं आरएक्स ५७०च. शेवटी एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय ठरवलं. ७५ वॅटचं कार्ड, बरीचशी मॉडेल मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच करंट घेतात, वेगळी वायर नको, एसएमपीएसला हात लावायला नको.

शनिवारी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. दोनतीन ठिकाणी साडेसहा-सात सांगितले. मग एका बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक छोटंसं काउंटर होतं तिथला माणूस म्हणाला साडेचार हजार, 'एकदम नया जैसा पीस है'. कार्ड खरंच चकचकीत, एक पंखा, मागे एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए. व्हीजीए दिसल्यावर मी मनातल्या मनात नाचलो हो, म्हटलं चला मॉनिटरचाही प्रश्न सुटला, कन्व्हर्टरचे पैसे वाचले.

त्याने त्याच्या पीसीला लावून दाखवलं. डिव्हाईस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी बरोबर. मी विचारलं ह्याला जादा विजेचं सहा पिनचं सॉकेट का आहे, तर म्हणे ओव्हरक्लॉक (वेग वाढवलेली) एडिशन आहे, आणि वर एसएमपीएसच्या जुन्या मोलेक्स वायरला लावायचा कन्व्हर्टर फुकट दिला. तसं काही खऱ्या १०५० टीआयलाही सहा पिन असते त्यामुळे मी गप्प बसलो. ड्रायव्हरची सीडी दिली आणि म्हणाला, 'नेटसे अपडेट मत करना, परफॉर्मन्स कम हो जाता है'. ह्या वाक्याला तरी माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. नाही वाजली. बिल विचारलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर रक्कम लिहून शिक्का मारून दिला, कार्डचं नावसुद्धा नाही त्याच्यावर.

घरी लावलं, डेस्कटॉप मस्त आला, व्हिडिओ चालले. भावाने गेम चालू केला तर सगळं सेटिंग लो करूनही अडखळत सेकंदाला पंधरा-वीस फ्रेम, आणि गाडी घेऊन शहरात शिरला की स्क्रीन काळी. आधी वाटलं एसएमपीएस. मग वाटलं प्रोसेसर जुना आहे. रात्री विंडोजने आपणहून नवीन ड्रायव्हर टाकला आणि सकाळी डिव्हाईस मॅनेजरमध्ये कार्डवर पिवळं चिन्ह, कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड बंद केलं. दुपारी भावाने जीपीयू-झेड (कार्डची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उतरवून उघडलं आणि आतून ओरडला, "दादा, इकडे ये, हे फेक लिहिलंय!"

नावाच्या आधी चौकटी कंसात चक्क फेक असा शब्द. खाली चिप जीएफ१०६, कोअर १९२. खऱ्या १०५० टीआयची चिप जीपी१०७ आणि कोअर ७६८ असतात. म्हणजे माझ्या हातात होतं जीटीएस ४५०, २०१० सालचं, आत बहुतेक १ जीबी मेमरी. अशा जुन्या कार्डची बायोस (कार्डच्या आतलंच सॉफ्टवेअर) बदलून नाव आणि मेमरी खोटी लिहितात, विंडोज बिचारं बायोस सांगेल तेच दाखवतं. गेमने १ जीबीच्या वर मेमरी मागितली की नसलेल्या जागेत माल भरायला जातं आणि कोसळतं. जीटीएस ४५० ज्या फर्मी पिढीचं आहे तिचे नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०१८ मध्ये बंद केले, म्हणून ती सीडी आणि म्हणून ते अपडेट नको. जीपीयू-झेडमध्ये हे फेक ओळखायची सोयही २०१८ पासूनच आहे. छोटीशी फाईल आहे, फुकट आहे, इन्स्टॉलसुद्धा करावी लागत नाही, पेनड्राईव्हवर घेऊन गेलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं.

आणि व्हीजीए. एनव्हिडियाने १००० सिरीजमध्ये (१०५० टीआय त्यातलंच) व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला, खऱ्या १०५० टीआयला मागे जो डीव्हीआय असतो तोही निव्वळ डिजिटल. म्हणजे ज्या पोर्टसाठी मी खूश झालो तोच पोर्ट ओरडून सांगत होता की मी १०५० टीआय नाही.

पुढच्या शनिवारी परत गेलो. तो माणूस शांतपणे म्हणाला, काउंटर सोडलं की गॅरंटी संपली, आणि हे कार्ड माझंच कशावरून? चिटोऱ्यावर नाव नाही, सिरीयल नंबर नाही. बाजूचे दोघं हसत होते. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न हाच की बिल आहे का.

दोन महिन्यांनी ऑफिसमधल्या एकाकडून खरं १०५० टीआय घेतलं, पाच हजारला. ह्या वेळी त्याच्या घरी बसून जीपीयू-झेड बघितलं, मग पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) चालवलं, वहिनींनी चहा केला तोपर्यंत चालूच होतं. त्याला सहा पिन नाही आणि व्हीजीएपण नाही. स्टेशनबाहेरून तीनशे रुपयांचा एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घेतला, तो थोडा गरम होतो पण चालतोय.