१०×५० ची दुर्बीण: शहापूरच्या गच्चीवरून आणि जांबोटीच्या माळावरून

आकाशदर्शनाची हौस बोलून दाखवली की दुकानदार बहुधा थेट तिपाईवरचा टेलिस्कोप पुढे करतो. माझे मत निराळे आहे. पहिली खरेदी १०×५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण असावी, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बेळगावात शहापूरच्या गच्चीवरून व जांबोटीपलीकडच्या माळावरून ती वापरल्यावर हे मत पक्के झाले आहे.

१०×५० म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगांचा व्यास ५० मिलिमीटर असलेली दुर्बीण. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, त्यामुळे नुसत्या डोळ्यापेक्षा सुमारे पन्नासपट प्रकाश आत येतो, आणि आकाशदर्शनात दहापट मोठे दिसण्यापेक्षा हीच गोष्ट अधिक मोलाची ठरते. एका वेळी आकाशाचा साडेसहा अंशांचा तुकडा दिसतो. नुसत्या डोळ्यांना ज्या कृत्तिकेत सहा तारे मोजता येतात, तो सगळा गुच्छ त्यात मावतो आणि डझनावारी निळसर ठिणग्या एकदम समोर येतात.

खोक्याविषयी मात्र तक्रार आहे. त्यावर शनीची कडी आणि रंगीत तेजोमेघ छापले आहेत. दहापट वर्धनात शनीची कडी सुटी दिसत नाहीत, आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ राखाडी धुक्यासारखाच दिसतो. रंग कॅमेऱ्याचे असतात. गुरूचे चार मोठे चंद्र मात्र एका ओळीत नीट दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत तेच पाहिले होते, आणि दुसऱ्या रात्री त्यांची मांडणी बदललेली पाहताना पृथ्वीभोवती सारे फिरते ही समजूत का ढासळली असेल ते पुस्तकाशिवाय कळते.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेपाशी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या अफाट ताऱ्यांच्या समूहापाशी. कार्तिकातल्या संध्याकाळी भाद्रपदेचा चौकोन आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांच्या मध्ये ती सापडते. शहापुरात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे तिचा जेमतेम एक पुसट डाग हाती लागला. जांबोटीपलीकडे अमावस्येच्या आसपास तिचा लांबट उजेड बराच वेळ पाहत राहिलो. हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची, म्हणजे तो वाटेला लागला तेव्हा पाहायला आपल्यासारखी माणसे नव्हतीच. पण बेळगावच्या परिसरातला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तेव्हा ज्या खडकावर आपण उभे असतो तो त्या प्रकाशाहून कितीतरी जुना निघतो. हा हिशेब मनात बसल्यावर थंडीतही दुर्बीण खाली ठेववत नाही. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी ‘ह्यातनं मृग दिसतंय काय बघू’ म्हणत ती घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

आपल्या भागाचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा इथे क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे बराच खाली असतो, पण त्याच्या बदल्यात दक्षिणेचे आकाश भरपूर मिळते. एप्रिलअखेर रात्री अकरानंतर दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो, आणि त्याहून वर, डावीकडे, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ लोकरीच्या गोळ्यासारखा दिसतो. तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असून त्यात कोटीभर तारे आहेत. दिल्लीकरांना तो क्षितिजालगतच्या धुळीतून शोधावा लागतो.

उणिवा दोन. वजन किलोच्या आसपास असल्याने हात थरथरतात आणि तारे नाचतात. कोपरे कठड्यावर टेकवावीत किंवा ट्रायपॉडला जोडण्याचे साधन वेगळे विकत घ्यावे. दुसरे, भिंगांची झाकणे सैल आहेत आणि गळ्यातला पट्टा मानेला काचतो. तो मी बदलला. घेताना दोन्ही नळ्यांतून दूरच्या खांबाचे एकच चित्र दिसते का ते दुकानातच पाहावे, कारण नळ्या किंचित तिरप्या असल्या तर तासाभरात डोके दुखते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळणार नाही, तेव्हा दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात. खानापूर-कणकुंबीच्या दमट हवेत कपाटात तशीच राहिली तर भिंगांना बुरशी धरते, आणि ती काढण्याचा खर्च दुर्बिणीच्या किमतीच्या जवळ जातो.