सिनेगॉगसाठी एन्डावमेंट फाउंडेशन: कोणाला परवडतं, कुठे फसतं

अमेरिकेतलं मध्यम आकाराचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मुख्यतः दोन गोष्टींवर चालतं: सभासदांची वार्षिक वर्गणी, आणि रोश हशाना (ज्यू नववर्ष) ते योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) या सणाच्या दिवसांत केलेलं देणगीचं आवाहन. सभासद घटले की दोन्ही आटतात. छप्पर, बॉयलर, रॅबायचा, म्हणजे धर्मगुरूचा, पगार आणि दारावरचा पहारा मात्र घटत नाही. म्हणून कायमनिधी (एन्डावमेंट) उभारायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरवर्षी ठरलेला हिस्सा सिनेगॉगला द्यायचा, हे काम करणारं वेगळं फाउंडेशन तिकडे सर्रास सुचवलं जातं. आमचं मत आधीच सांगून टाकतो: कल्पना उत्तम, पण स्वतःचं फाउंडेशन बहुतेक लहान सिनेगॉगांना झेपत नाही. त्यांनी सामूहिक निधीत खातं उघडावं. निधी वीस-पंचवीस लाख डॉलरच्या पुढे गेला तरच स्वतंत्र संसार थाटायचा विचार करा.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला सगळ्यात स्वस्त: सिनेगॉगच्या बोर्डानेच ठराव करून काही रक्कम बाजूला ठेवायची. याला फार मार्क देता येत नाहीत. बोर्डाने ठरावाने बाजूला ठेवलेले पैसे पुढचं बोर्ड ठरावानेच परत काढतं, आणि तूट आली की काढतंच. देणगीदाराने लेखी अट घालून दिलेली रक्कम मात्र बोर्डाला मनाला येईल तशी मोकळी करता येत नाही. हा फरक ताळेबंदातही दिसायला हवा. २०१६ साली बदललेल्या अमेरिकन हिशेब-नियमांनुसार 'देणगीदाराच्या अटीसह' आणि 'अटीविना' अशा दोनच वर्गांत संस्थेची निव्वळ मालमत्ता दाखवतात. ताळेबंदात 'एन्डावमेंट' म्हणून मोठा आकडा दिसला, तर त्यातला किती कुठल्या वर्गात आहे हे विचारा. पुष्कळदा त्यातली बरीच रक्कम बोर्डाच्या मर्जीवरची निघते.

दुसरा प्रकार म्हणजे शहरातल्या ज्यू फेडरेशनच्या (ज्यू संस्थांसाठी निधी गोळा करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेच्या) किंवा ज्यू कम्युनिटी फाउंडेशनच्या सामूहिक गुंतवणुकीत सिनेगॉगच्या नावाने खातं. गुंतवणूक समिती, ऑडिट, शेअरच्या देणग्या स्वीकारण्याची सोय, मृत्युपत्रांची कागदपत्रं हे सगळं तयार मिळतं. शंभर-दोनशे कुटुंबांच्या सिनेगॉगला यापेक्षा जास्त काही लागत नाही. करार मात्र पहिल्या पानापासून वाचायला हवा. अनेक कम्युनिटी फाउंडेशनांच्या करारात एक कलम असतं: मूळ उद्देश निरर्थक किंवा अशक्य झाला तर निधी दुसरीकडे वळवायचा अधिकार त्यांच्या बोर्डाकडे राहतो. ते कलम वाईट नाही, पण मग पैसे कायद्याने कोणाचे, मुद्दल कधी काढता येतं, किती दिवसांची नोटीस लागते आणि वार्षिक शुल्क नेमकं कशावर आकारतात, एवढी चार उत्तरं लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी पाच वर्षांनी त्या खुर्चीवर नसतो.

तिसरा प्रकार, स्वतःचं फाउंडेशन. अमेरिकेत सिनेगॉगला चर्चप्रमाणेच करमाफीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही आणि करखात्याला द्यायचं वार्षिक विवरण, फॉर्म ९९०, सुद्धा भरावा लागत नाही. स्वतंत्र फाउंडेशन काढलं की ही सवलत आपोआप त्याला लागू होत नाही. बहुतेक जण ते 'सपोर्टिंग ऑर्गनायझेशन' (दुसऱ्या धर्मादाय संस्थेला आधार देणारी संस्था) म्हणून, म्हणजे करकायद्याच्या कलम ५०९(ए)(३) खाली नोंदवतात. त्यासाठी करमाफीचा अर्ज, फॉर्म १०२३, भरायचा. मग वेगळं बँक खातं, वेगळी इतिवृत्तं, संचालकांचा विमा. फाउंडेशन चर्चची (कायद्याच्या भाषेत त्यात सिनेगॉगही आलं) 'इंटिग्रेटेड ऑक्झिलिअरी', म्हणजे संलग्न उपसंस्था, म्हणून बसत असेल तर ९९० मधून सूट मिळू शकते. हे वकिलाकडून लेखी करून घ्यावं.

आणि इथेच एक खड्डा आहे, ज्यात माहीतगार माणसंही पडतात. साडेसत्तर वर्षांवरच्या अमेरिकन माणसाला आपल्या निवृत्ती खात्यातून, आयआरएमधून, थेट धर्मादाय संस्थेला रक्कम देता येते आणि ती त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. २०२५ साठी ही मर्यादा १,०८,००० डॉलर होती. ज्येष्ठ सभासदांसाठी देणगीचा हा सगळ्यात सोयीचा मार्ग. पण कायद्याने अशी रक्कम ५०९(ए)(३) प्रकारच्या सपोर्टिंग ऑर्गनायझेशनला चालत नाही, आणि डोनर ॲडव्हाइज्ड फंडालाही (देणगीदाराच्या सल्ल्याने पुढे वाटप करणाऱ्या खात्यालाही) चालत नाही. चेक फाउंडेशनच्या नावाने निघाला तर देणगीदाराची करसवलत जाते, आणि त्याला ते कळतं कर भरायच्या वेळी. उपाय सोपा आहे. असे चेक सिनेगॉगच्याच नावाने घ्यायचे, सोबत 'कायमनिधीसाठी' अशी देणगीदाराची लेखी सूचना जोडायची आणि ती अट पाळून हिशेबात दाखवायची. देणगीच्या माहितीपत्रकावर फक्त फाउंडेशनचं नाव छापणाऱ्या संस्था आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

आता पैशाचं गणित. सर्वसाधारण रिवाज असा की निधीच्या मागच्या बारा तिमाहींच्या सरासरी मूल्याच्या चार ते पाच टक्के रक्कम दरवर्षी द्यायची. समजा निधी २० लाख डॉलर आणि दर साडेचार टक्के. वर्षाला ९०,००० मिळाले. बाजार पडून शेवटच्या तीन तिमाहींत निधी १६ लाखांवर आला. त्या दिवसाच्या मूल्यावर मोजलं तर हातात ७२,०००. बारा तिमाहींची सरासरी मात्र १९ लाख येते आणि सिनेगॉगला ८५,५०० मिळतात. सिनेगॉगच्या शाळेतल्या शिक्षिकेला वर्षाच्या मध्यात काढावं लागणं आणि न लागणं यातला फरक बऱ्याचदा एवढाच असतो. उलट बाजूही लक्षात असू द्या: बाजार वर जातो तेव्हा ही सरासरी मागे राहते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी बोर्डाच्या बैठकीत म्हणतं की निधी एवढा वाढलाय तर थोडं जास्त काढू या. नाही म्हणता येणं हीच फाउंडेशनची खरी सेवा.

शुल्काकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. साडेचार टक्के वाटप, अडीच टक्के महागाई आणि एक टक्का सल्लागार व फंडांचं मिळून शुल्क, म्हणजे मुद्दलाची किंमत नुसती टिकवायला दरवर्षी आठ टक्के परतावा हवा. शेअर आणि रोख्यांच्या साध्या मिश्रणातून तेवढा सातत्याने मिळेल असं गृहीत धरणं धाडसाचं आहे. शुल्क पाव टक्क्यावर आणलं तर तीच गरज सव्वासात होते. २० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला १५,००० डॉलर. दोन्ही बाजूंचा खर्च मांडल्याशिवाय सल्लागार नेमू नका, आणि सल्लागार सभासद असेल तर नकोच.

ही शेवटची सूचना कोणाला कडक वाटेल. २००८ च्या डिसेंबरात बर्नार्ड मॅडॉफ या गुंतवणूक-व्यवस्थापकाचा घोटाळा (नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा) उघडकीला आला तेव्हा तो न्यूयॉर्कच्या येशिवा युनिव्हर्सिटी या ज्यू विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा खजिनदार होता. त्या प्रकरणात कितीतरी ज्यू धर्मादाय संस्थांचे पैसे बुडाले. ओळखीचा माणूस, आपल्यातलाच, परतावा कधी चुकत नाही, मग प्रश्न कशाला? त्यामुळे फाउंडेशनच्या नियमावलीत हे लिहिलेलं असावं: रोखे ज्याच्याकडे ठेवले आहेत तो कस्टोडियन आणि गुंतवणुकीचे निर्णय घेणारा व्यवस्थापक एक नसावा, कस्टोडियनचं विवरण थेट दोन संचालकांना जावं, आणि समितीतल्या सदस्याने आपला हितसंबंध दरवर्षी लेखी जाहीर करावा.

कायद्याची चौकटही ठाऊक हवी. संस्थांच्या कायमनिधींबाबतचा २००६ चा 'यूपमिफा' हा नमुना कायदा पेनसिल्व्हेनिया सोडून बाकी सगळ्या राज्यांनी स्वीकारला आहे. जुन्या, १९७२ च्या कायद्यात देणगीच्या मूळ डॉलर-आकड्याखाली निधी गेला की हात बांधले जायचे. नव्यात तसं नाही. महागाई, अपेक्षित परतावा, संस्थेची इतर साधनं वगैरे सात गोष्टींचा विचार करून बोर्डाने सुज्ञपणे ठरवायचं. काही राज्यांत वर्षाला सात टक्क्यांहून जास्त काढलं तर ते अविचाराचं मानलं जातं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी बोर्डावर येते. पेनसिल्व्हेनियात वेगळा कायदा आहे, तिथे दोन ते सात टक्क्यांमधला दर निवडावा लागतो. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या सिनेगॉगची नियमावली जशीच्या तशी उतरवून घेऊ नका.

पैसे येतात कुठून? मोठा भाग मृत्युपत्रांतून. हॅरल्ड ग्रिन्सपून फाउंडेशनने २०१२ साली सुरू केलेला 'लाइफ अँड लेगसी' कार्यक्रम याच कामासाठी आहे. स्थानिक फेडरेशनशी भागीदारी करून तो सिनेगॉगांना सभासदांकडून वारसा-संकल्प (मृत्यूनंतर देणगी देण्याचं लेखी वचन) मिळवायला शिकवतो, आणि लक्ष्य गाठलं तर प्रोत्साहन रक्कमही देतो. शिस्त लावणारा म्हणून आम्हाला हा चांगला वाटतो. मात्र संकल्पपत्रावरची सही आणि प्रत्यक्ष मृत्युपत्रातली नोंद यात मोठं अंतर असतं. संकल्पपत्र कायद्याने बांधील नसतं. दोन गोष्टी तपासत राहा. निवृत्ती खातं मृत्युपत्राने जात नाही, त्या खात्याच्या लाभार्थी फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याला जातं; त्या फॉर्मची प्रत मागा. दुसरं, कागदावर संस्थेचं नोंदणीकृत नाव, शहर आणि ईआयएन हा करक्रमांक हवाच. 'बेथ एल' नावाची सिनेगॉगं अमेरिकेत ढीगभर आहेत. नुसतं 'बेथ एल सिनेगॉगला' असं लिहिलेलं मृत्युपत्र वकिलांची चंगळ करतं.

शेअरची देणगी घेताना होणारा घोळ छोटा पण नेहमीचा. शेअर ब्रोकरकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येतात तेव्हा देणगीदाराचं नाव बऱ्याचदा सोबत येत नाही. कुठल्या कंपनीचे किती शेअर आणि कोणत्या तारखेला पाठवले, हे त्याने आधी ईमेलने कळवायला हवं. नाहीतर खात्यात शेअर पडून राहतात आणि पावती कोणाला द्यायची तेच कळत नाही. आले की लगेच विकायचे, हा नियम आधीच ठरवून ठेवा. 'आणखी थोडं वाढेल' हा मोह समितीला परवडणारा नाही.

देणगीदाराला काय सांगायचं याचेही आकडे तयार ठेवा. वर्षाला २,५०० डॉलर वर्गणी भरणाऱ्याला आपली वर्गणी कायमची चालू ठेवायची असेल तर साडेचार टक्क्यांनी सुमारे ५५,५०० डॉलर लागतात. दीड लाख डॉलर पगाराचं रॅबायचं पद पूर्णपणे निधीवर चालवायचं तर ३३ लाखांहून जास्त. देणगीदाराचं नाव दिलेल्या दहा हजारांच्या निधीतून वर्षाला ४५० डॉलर येतात. त्यात एका जुन्या तोराह (ज्यू धर्मग्रंथ) गुंडाळीची नीट दुरुस्तीसुद्धा होणं अवघड. त्यामुळे नाव देण्याची किमान रक्कम जरा वरच ठेवावी, आणि अट शक्य तितकी सैल. 'फक्त युवक मंडळाच्या उन्हाळी सहलीसाठी' असा निधी पंचवीस वर्षांनी युवकांविना पडून राहतो. 'युवकांच्या शिक्षणासाठी, आणि ते शक्य नसल्यास बोर्ड ठरवेल त्या जवळच्या कामासाठी' हे एक वाक्य जोडलं असतं तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

दीर्घकाळात काय होतं ते बघायचं तर ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचं टूरो सिनेगॉग घ्या. १७६३ साली अर्पण झालेली ही वास्तू अमेरिकेत उभी असलेली सर्वांत जुनी सिनेगॉग-इमारत. १८२२ साली वारलेल्या अब्राहम टूरोने तिच्या देखभालीसाठी १०,००० डॉलर मृत्युपत्राने ठेवले, तेही राज्याच्या विधिमंडळाकडे. गावात तेव्हा ज्यू वस्ती जवळजवळ उरली नव्हती. प्रार्थना करणारे नसतानाही इमारतीसाठी पैसा राहिला. दीडशे-दोनशे वर्षांनी चित्र उलटं झालं. तिथल्या जेशुआत इस्राएल मंडळीने (प्रार्थना-समुदायाने) कायमनिधी उभारण्यासाठी मायर मायर्स या जुन्या कारागिराने घडवलेली चांदीची रिमोनीम, म्हणजे तोराहच्या दांड्यांवरची शिखरं, बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला ७४ लाख डॉलरला विकायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल मंडळीने मालकी सांगितली. २०१६ साली खालच्या कोर्टात न्यूपोर्टकर जिंकले, २०१७ साली अपील कोर्टाने निकाल फिरवला, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. निधीही नाही आणि वर वर्षानुवर्षांचा खटला. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची याची यादी फाउंडेशनच्या पहिल्याच वर्षी करून घ्या म्हणतात ते यासाठी.

राहिली ती नियमावली. सिनेगॉगचे चालू पदाधिकारी फाउंडेशनच्या बोर्डावर अल्पसंख्य असावेत, पण शून्य नकोत. सिनेगॉग आणि फाउंडेशन यांच्यात अबोला झाला तर पैसे असून उपयोग नाही. ठरलेल्या दरापेक्षा जास्त काढायचं तर तीन चतुर्थांश मतं. सिनेगॉगला कर्ज द्यायचं नाही, कारण छपरासाठी घेतलेलं 'तात्पुरतं' कर्ज सहसा कधीच फिटत नाही. इमारतीसाठी दुरुस्तीचा राखीव निधी वेगळा ठेवावा. आणि विलीनीकरणाचं कलम. सिनेगॉगं एकमेकांत मिसळतात, काही बंद होतात. तेव्हा निधी विलीन झालेल्या मंडळीकडे जाईल की फेडरेशनकडे, दफनभूमीच्या कायम देखभालीसाठी आधी किती रक्कम बाजूला निघेल, तोराह गुंडाळ्या कोण घेईल, हे आज सगळे बोलत्या नात्यात असताना लिहून ठेवायचं. आम्ही पाहिलेल्या नमुना नियमावल्यांत हेच पान सगळ्यात जास्त वेळा कोरं असतं.