उंदीर पकडणाऱ्याची कमाई आणि तांबटाचा हातोडा : 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'च्या करिअर पद्धतीचं परीक्षण

फँटसी रोलप्लेमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका करायच्या खेळात, कॅरेक्टरचा धंदा बहुतेक वेळा शीटच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदाच्या, एका कोपऱ्यात पडून राहतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तो बॅकग्राउंड म्हणून मिळतो: दोन स्किल, थोडी अवजारं किंवा भाषा, एखादी सवलत. पुढची सगळी वाढ क्लासमधून, म्हणजे फायटरसारख्या पात्राच्या प्रकारातून होते, त्यामुळे चार-पाच सत्रांनंतर आपला फायटर मुळात सुतार होता हे टेबलावर कोणाच्या लक्षातही राहत नाही. 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले' 1986 पासून याच्या बरोबर उलट चालतो. इथे धंदा, म्हणजे 'करिअर', हीच कॅरेक्टरची वाढ. क्युबिकल सेव्हन या प्रकाशकाने 2018 मध्ये काढलेल्या चौथ्या आवृत्तीत ही पद्धत सर्वांत नेटकी बसली आहे. पुण्यातल्या ज्या ग्रुपना स्वतःची धंद्यांची पद्धत रचायची आहे, त्यांनी आधी हे पुस्तक नीट उलगडून पाहावं.

रचना अशी: 8 वर्ग, प्रत्येकात 8 करिअर, म्हणजे एकूण 64. प्रत्येक करिअरला 4 पायऱ्या. पहिल्या पायरीवर 8 स्किल, पुढे अनुक्रमे 6, 4 आणि 2 नवी स्किल उघडतात आणि प्रत्येक पायरीवर 4 टॅलेंट (खास क्षमता) असतात. करिअर फासे टाकून काढायचं. पहिलं आलेलं स्वीकारलं तर 50 एक्सपी (अनुभवाचे गुण, यांतूनच वाढ विकत घ्यायची), तिनांतून निवडलं तर 25, मनासारखं घेतलं तर शून्य. ही लाच फार विचारपूर्वक ठेवलेली आहे. कारण फासा टाकला की टेबलावर भिकारी, नावाडी, कारकून येतात. नाहीतर सगळेच शूर योद्धे होऊन बसतात.

रॅट कॅचर, म्हणजे उंदीर पकडणारा, पाहा. सुरुवातीच्या सामानात गोफण, पोतं आणि एक लहान पण चावरा कुत्रा. बस. पण त्या कुत्र्यामुळे सराईत, देवळात, सरदाराच्या वाड्यात प्रत्येक ठिकाणी काहीतरी घडतं. टॅलेंटमध्ये रोगाला प्रतिकार आणि अंधारात दिसणं. म्हणजे गटारात उतरायची वेळ आली की पुढे कोण जाणार, हे ठरवायला चर्चा लागत नाही. करिअर लिहिताना सामानाची यादी अशीच असावी, प्रत्येक वस्तूने एक प्रसंग आणला पाहिजे. 'दोरी, मशाल, चार दिवसांचं अन्न' या यादीने काहीच येत नाही.

आता हिशोब, कारण खरी अडचण तिथेच आहे. पहिली पायरी पूर्ण करायला 8 स्किलमध्ये प्रत्येकी 5 ॲडव्हान्स (वाढीचे अंक), करिअरच्या तिन्ही कॅरेक्टरिस्टिकमध्ये (ताकद, चपळाई असे मूळ गुण) प्रत्येकी 5 आणि एक टॅलेंट लागतं. सुरुवातीलाच स्किलसाठी 40 ॲडव्हान्स मिळतात. ते आठांत सारखे वाटले की स्किलची अट पहिल्या दिवशीच संपते. कॅरेक्टरिस्टिकचे 15 पैकी 5 मिळालेले असतात. उरलेले 10 प्रत्येकी 25 एक्सपीने, म्हणजे 250. पायरी बदलायला आणखी 100. एकूण 350. दुसऱ्या पायरीला मात्र 10 ॲडव्हान्सची अट येते आणि दरही चढतात. जुनीच 8 स्किल वाढवली तरी 600, जुन्या तीन कॅरेक्टरिस्टिकना 450, नव्या चौथ्या कॅरेक्टरिस्टिकला 275, टॅलेंटला 100, पायरी बदलायला 100. बेरीज 1,525. सत्राला 100 एक्सपी देणारा जीएम (खेळ चालवणारा) असेल तर पहिली पायरी 4 सत्रांत आणि दुसरी 16 सत्रांत. एक रविवार सोडून एक रविवार खेळणाऱ्या ग्रुपला दुसऱ्या पायरीवरच सात-आठ महिने जातात. नोकरी, परीक्षा, लग्नसराई सांभाळून खेळणाऱ्यांचा उत्साह नेमका इथे मावळतो.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या पायरीपासून 'सगळ्या कॅरेक्टरिस्टिक' ऐवजी 'कोणत्याही दोन' अशी अट ठेवा. जुन्या तिनांपैकी दोन धरल्या तर 425 एक्सपी वाचतात आणि आकडा 1,100 वर येतो. स्किलच्या अटीला मात्र हात लावू नका, धंद्याचा वास तिथेच आहे. आणि नव्या खेळाडूला आधीच सांगा की 40 ॲडव्हान्स सारखे वाटणं स्वस्त पडतं, पण मग तो कशातच तरबेज होत नाही. माणसाची कॅरेक्टरिस्टिक सरासरी 31. त्यात 5 मिळवले की शंभरात 36. सूट नसलेल्या चाचणीत तीनपैकी दोनदा आपटणार. दोन स्किलना 10-10 देऊन बाकीचे वाटावेत.

दुसरा दोष कमाईत आहे. स्टेटसचे, म्हणजे समाजातल्या स्थानाचे, तीन थर: ब्रास, सिल्व्हर, गोल्ड. आठवड्याची कमाई ब्रासच्या प्रत्येक अंकाला दोन दहा-बाजूंच्या फाशांइतक्या पेन्या, सिल्व्हरला एका फाशाइतके शिलिंग आणि गोल्डला सरळ 1 क्राउन, म्हणजे 20 शिलिंग. मर्चंटचं करिअर दुसऱ्या पायरीवर सिल्व्हर 5 आणि तिसऱ्या पायरीवर गोल्ड 1 आहे. सिल्व्हर 5 ची सरासरी साडेसत्तावीस शिलिंग. म्हणजे बढती मिळाली आणि कमाई साडेसात शिलिंगांनी घटली! लक्ष्मी रोडवरचा कोणताही दुकानदार हे मान्य करणार नाही. गोल्डच्या प्रत्येक अंकाला 1 क्राउन अधिक दोन फाशांइतके शिलिंग द्या. गोल्ड 1 ची सरासरी 31 होते आणि शिडी सरळ होते.

आपल्याकडचे धंदे घालायचे तर आर्टिझनचा (कारागिराचा) साचा घ्या: ब्रास 2, सिल्व्हर 1, सिल्व्हर 3, गोल्ड 1. कसब्यातल्या तांबट आळीवरून पायऱ्या अशा होतील: भट्टीचा पोऱ्या, तांबट, जुना कारागीर, आळीचा शेटे. स्किल निवडताना कामाच्या टप्प्यांवरून निवडा. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो आणि तसाच ठोकत राहिलं तर तडकतो, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. म्हणजे सहनशक्ती हवी आणि धातू ओळखण्यासाठी पारख हवी. मठारकाम, म्हणजे बंबावर किंवा घागरीवर हातोडीचे एकसारखे बारीक ठोके, हे दुसऱ्या पायरीचं टॅलेंट ठेवा. त्याने भांडं मजबूत होतं आणि किंमतही वाढते. कल्हई मात्र तांबटाला देऊ नका. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील पुसून फिरवणं हा वेगळा धंदा आहे आणि कल्हईवाला गावोगाव फिरतो. मोहिमेवर निघायला त्याच्याकडे आयतं कारण असतं. आळीत बसलेल्या तांबटाला ते शोधावं लागतं. करिअर रचताना बहुतेकांचं इथेच चुकतं: स्किल सगळी चोख, पण हा माणूस घर सोडून का निघाला, त्याचं उत्तर नाही.

खेड्यातल्या सुतार, लोहार, कुंभारासाठी आठवड्याच्या फाशांऐवजी बलुतं वापरून बघा. ब्रास 2 ची सरासरी आठवड्याला 22 पेन्या, 26 आठवड्यांच्या हंगामाच्या 572, म्हणजे 47 शिलिंग 8 पेन्यांचं धान्य. ते सुगीला एकदाच मिळेल आणि कमाईची चाचणीही एकदाच. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे चाचणी फसली तर कमाई अर्धी होते; इथे अख्ख्या हंगामाची अर्धी होईल. शिवाय वर्षभर गावचं काम घरातल्या कोणीतरी केलं पाहिजे. तो भाऊ कोण, हे शीटवर लिहायला लावा.

पुस्तक जाड आहे आणि 64 करिअर एकामागून एक वाचणं कंटाळवाणं होतं. पीडीएफ घेतली असेल तर ग्रुपमधल्या कॅरेक्टरची तेवढी करिअरची पानं आणि एक्सपीच्या दरांचा तक्ता अप्पा बळवंत चौकात छापून घ्या. सत्रात अख्खं पुस्तक एकट्या जीएमपुढे असलं तरी पुरतं.