पग की डॅशहुंड?

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या मावसबहिणीचा प्रश्न: तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात दोन मुलं आणि सासूबाई. कुत्रा पाळायचाय, पग जातीचा घेऊ की डॅशहुंड?

आधी उन्हाळ्याचं बघ. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पगचं नाक चपटं, श्वासनलिका अरुंद. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. म्हणजे दुपारी कूलर किंवा एसी हवाच, फिरणं सकाळी सातच्या आत. जाहिरातीतला पग पोरामागे गावभर हिंडायचा, ते विसर. डॅशहुंडला हा त्रास फारसा नाही.

त्याचं दुखणं पाठीचं. लांब कणा, आखूड पाय; मणक्यातली चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. तीन मजले रोज उचलून न्यायचं, सोफ्यावरून उड्या बंद. वजन वाढू द्यायचं नाही, हे दोघांनाही लागू.

खर्च जवळपास सारखाच. केस दोघांचेही गळतात, पगचे जरा जास्तच. शिवाय त्याच्या चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर वास सुटतो.

स्वभावात मात्र पग उजवा. मुलांनी ओढलं-ताणलं तरी सहसा चिडत नाही. डॅशहुंड मूळचा बिळातले बिज्जू (बॅजर) हुडकणारा शिकारी: हट्टी, भुंकणारा, कुंड्या उकरणारा.

तळमजला, अंगण, मुलं मोठी असतील तर डॅशहुंड. लहान मुलं, दिवसभर घरात माणूस आणि एसीचं बिल भरायची तयारी असेल तर पग. तुझ्याकडे सासूबाई घरी असतात, म्हणून पग. पण नाकपुड्या मोकळ्या असलेलं पिल्लू डॉक्टरांना दाखवूनच घे.