आधी ऐका, मग बोला: तालुक्यातल्या वक्तृत्व वर्गाचा लेखाजोखा

भाषण पाठ करून घेणारे वर्ग अमरावती-यवतमाळकडे पुष्कळ आहेत. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या खोलीत भरणारा हा दोन दिवसांचा वर्ग वेगळा वाटतो, कारण पहिल्या दिवशी इथे कुणाला माइकपुढे उभंच करत नाहीत. नुसतं ऐकायचं.

सुरुवात गाडगेबाबांच्या 1956 सालच्या वांद्र्याच्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाने होते. तीन मिनिटांचा तुकडा तीनदा लावतात. पहिल्यांदा वही बंद. दुसऱ्यांदा शब्द न् शब्द उतरवायचा. तिसऱ्यांदा पेन्सिलीने थांबे, जोर आणि प्रश्न यांच्या खुणा करायच्या. मग कागदावरच दिसतं की बाबा प्रश्न टाकतात, लोकांकडून उत्तर येऊ देतात आणि पुढचं वाक्य त्या उत्तरावर उभं करतात. हा थांबा पाठांतरवाल्यांना कधीच जमत नाही; त्यांना पुढची ओळ विसरायची भीती असते.

दुसरा नमुना वाचायचा: डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण, मराठी अनुवादात. त्याचा सांगाडा आठ ओळींत काढतात. कामाचा हिशेब, आक्षेपांना उत्तरं, शेवटाकडे लोकशाही टिकवण्यासाठीचे तीन इशारे. याच क्रमाने नळयोजनेवर ग्रामसभेत पाच मिनिटं बोलायचं, हा गृहपाठ. वर्गातला सगळ्यात कामाचा भाग हाच.

दुसऱ्या दिवशी मात्र गाडी घसरते. राम शेवाळकरांचं व्याख्यान ऐकवून ‘तसंच बोला’ म्हणतात, आणि पोरं मुद्दा सोडून आवाज उचलतात. त्या लांब, डौलदार वाक्यांना दम लागतो. नवख्याचा श्वास मध्येच संपतो आणि शेवटचे शब्द गिळले जातात. मराठीत क्रियापद शेवटी. ‘मंजूर केलं’ की ‘केलं नाही’ हे मागच्या रांगेला कळतच नाही. उपाय सोपा आहे: वाक्य दहा-बारा शब्दांत तोडायचं आणि क्रियापद पहिल्या शब्दाइतक्याच आवाजात म्हणायचं. तो इथे कुणी सांगत नाही.

माइकला जेमतेम अर्धा तास मिळतो. तोंडापासून चार बोटं अंतर, स्पीकरचा बॉक्स माइकच्या पुढे आणि त्याचं तोंड लोकांकडे, एवढं शिकवतात. स्पीकरमधून शिट्टी वाजली की माइकची जाळी मुठीत धरू नये, त्याने ती वाढते, हेही सांगायला हवं होतं. समाजमंदिराच्या टिनाखाली आवाज घुमतो, तिथे गती कमी करावी लागते. आणि लाइट गेली तर काय, याचा सराव नाहीच.

बचत गटाच्या ताया, ग्रामपंचायतीचे नवे सदस्य, शिक्षक यांनी जरूर जावं. आठवड्यावर स्पर्धा आलेल्या पोरांना उपयोग नाही. इअरफोन घरून न्यावा. तुकडीत पंधराच्या वर नावं असतील तर पुढच्या तुकडीत जावं, कारण मग प्रत्येकाच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण परत ऐकायला वेळ उरत नाही.