हिशेब उघडा हवा, कागद झाकलेले हवेत: ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनसेवेचे परीक्षण

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय 38 होते. अठराव्या वर्षी भरती झालेल्या या माणसाने 20 वर्षे वर्दीत काढली आणि त्याहून अधिक वर्षे निवृत्तिवेतनावर काढली आहेत. जवानाला पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते आणि बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास घरी परततात. त्यामुळे फौजीची पेन्शन ही केवळ म्हातारपणाची तरतूद नसते. मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज, आईवडिलांची आजारपणे हे सारे तिच्यातूनच भागवावे लागते. ती देणारी सेवा कशी आहे याचे परीक्षण करण्याइतका वेळ मी वडिलांच्या शेजारी बसून संगणकासमोर नक्कीच घालवला आहे.

ही सेवा म्हणजे ‘स्पर्श’. संरक्षण लेखा विभागाच्या या ऑनलाइन प्रणालीमार्फत प्रयागराजच्या प्रधान नियंत्रक कार्यालयातून पेन्शन थेट निवृत्त सैनिकाच्या बँक खात्यात जमा होते. पूर्वी मंजुरी एका ठिकाणी होत असे आणि वाटप बँका, कोषागारे, टपाल कार्यालये व संरक्षण विभागाची पेन्शन कार्यालये यांच्याकडे विखुरलेले असे. नव्या व्यवस्थेत मंजुरी, वाटप आणि दुरुस्ती एकाच छताखाली आली असून तीस लाखांहून अधिक निवृत्त सैनिक व कुटुंबनिवृत्तिवेतनधारक आता तिच्यात आहेत. अशा सेवेला मी दोनच प्रश्न विचारतो. आपल्याला मिळणारी रक्कम कशी काढली, हे निवृत्त सैनिकाला स्वतः वाचता येते का? आणि ते वाचण्यासाठी त्याला आपले कागद आणखी किती जणांपुढे उघडावे लागतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पीपीओ म्हणतात तो आदेश, त्यातील नंतरच्या दुरुस्त्या, दरमहाची पावती आणि आयकरासाठी लागणारा फॉर्म 16 हे सारे पडद्यावर दिसते व उतरवून घेता येते. पावतीत मूळ पेन्शन, महागाई सवलत आणि कम्युटेशनची कपात वेगवेगळी मांडलेली असते. ज्यांनी हे अनुभवलेले नाही त्यांना या मांडणीचे महत्त्व कदाचित जाणवणार नाही, म्हणून आमच्या घरचे उदाहरण देतो.

कम्युटेशन म्हणजे निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग एकरकमी उचलणे. त्याची कपात 15 वर्षे चालते आणि त्यानंतर पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. जुन्या व्यवस्थेत वडिलांची पेन्शन एका बँकेतून येत असे आणि त्या बँकेने 15 वर्षे उलटून गेल्यावरही सात महिने कपात चालूच ठेवली. पासबुकात दरमहा एकच आकडा उमटत असल्यामुळे ही चूक आमच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. ती उघडकीस आली ती वडिलांच्या पलटणीतील एका सुभेदारसाहेबांनी सहज ‘तुझे कम्युटेशन फिटले का रे?’ असे विचारले म्हणून. शाखेत चौकशी केली तर ‘हिशेब वरून येतो’ असे उत्तर मिळाले, आणि ते ‘वर’ म्हणजे नक्की कुठे हे सांगणारा त्या इमारतीत कोणीही नव्हता. कपातीची ओळ वेगळी दिसली असती तर ती कधी थांबायला हवी याची तारीख वडिलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली असती. हिशेब दिसणे हा न्याय्य पेन्शनचा अर्धा भाग आहे असे मी म्हणतो ते यामुळेच.

मात्र हिशेब दिसण्याआधी माहितीची पडताळणी पार करावी लागते आणि खरी अडचण तिथे सुरू होते. भरतीच्या वेळी एखाद्या कारकुनाने इंग्रजीत जसे ऐकले तसे लिहिलेले नाव, आधारवरचे नाव आणि पॅनवरचे नाव ही तिन्ही जुळावी लागतात. मराठी घरांत तर आणखी एक गुंता असतो: लग्नात पत्नीचे नाव बदलण्याची चाल अनेक घराण्यांत होती, त्यामुळे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे लग्न-मुलांसारखे कौटुंबिक बदल नोंदवणाऱ्या लष्करी आदेशाने, नोंदलेले नाव एक आणि माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरून निघालेल्या आधारवर दुसरे, असे सर्रास आढळते. नवरा हयात असेपर्यंत त्याने कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर मात्र ही बाई त्याची पत्नीच आहे हे तिला प्रतिज्ञापत्रे करून सिद्ध करावे लागते, तेही ज्या दिवसांत तिला धड बसवत नाही अशा दिवसांत. म्हणून ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आईच्या नावाची आणि जन्मतारखेची नोंद पीपीओवर कशी आहे ते आजच उघडून पाहावे, कारण जवान स्वतः हयात असताना ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

आता दुसरा प्रश्न. प्रणालीत शिरताना वापरकर्ता नाव, संकेतशब्द आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. कागदावर ही व्यवस्था ठीकच दिसते. परंतु 75 वर्षांचा निवृत्त नाईक, ज्याचा फोन नातवाच्या खिशात असतो आणि ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, तो हे सोपस्कार एकटा करू शकत नाही. तो कोणाला तरी सोबत घेतो. त्या ‘कोणाला तरी’ काय काय कळते याचा विचार या सेवेची आखणी करताना पुरेसा झाला आहे असे मला वाटत नाही. पीपीओ क्रमांक, बँक खाते, आधार, पॅन, जन्मतारीख, पत्नीचे नाव, निवृत्तीची तारीख आणि दरमहा नेमके किती पैसे येतात, हे सारे एकाच बैठकीत त्या मदतनिसासमोर उघडे होते. हीच माहिती हाती असलेला भामटा फोन करून ‘साहेब, आपला हयातीचा दाखला अडकला आहे, ओटीपी सांगा’ म्हणतो तेव्हा समोरचा माजी सैनिक त्यावर विश्वास ठेवतो. आपली रँक, आपली पलटण आणि आपली निवृत्तीची तारीख सांगणारा माणूस कार्यालयातलाच असणार, अशी त्याची समजूत होते, आणि ती समजूत भाबडी म्हणता येत नाही.

याहून गंभीर बाब अपंगत्वाच्या पेन्शनची आहे आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले अपंगत्व किमान 20 टक्के असेल तर त्याचा वेगळा भाग पेन्शनमध्ये मिळतो. 100 टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो आणि त्याखाली त्या प्रमाणात कमी होत जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात दिलेल्या निकालामुळे, पूर्ण मुदत सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन धरण्याचा लाभ मिळाला. म्हणजे 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरले जाते आणि पगाराच्या 6 टक्क्यांऐवजी 15 टक्के मिळू शकतात. आयुष्यभराच्या हिशेबात हा फरक लहान नाही. पण तो मागायचा तर निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचे कागद बाहेर काढावे लागतात आणि त्यांत आजाराचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. गुडघा किंवा कान असेल तर माणूस कागद निमूट पुढे करतो. आजार मनाचा असेल तर तो कागद गावातल्या टंकलेखकाकडे, सेवा केंद्रातल्या मुलाकडे किंवा माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटात सल्ल्यासाठी द्यायला त्याचा हात धजत नाही, कारण मुलीचे लग्न व्हायचे असते आणि स्वतःला कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी टिकवायची असते. असा माणूस मी जवळून पाहिला आहे. ‘नको ते पंधरा टक्के’ एवढेच तो म्हणाला. गोपनीयता नसल्यामुळे हक्काची पेन्शन बुडते ती अशी, आणि कोणत्याही तक्रारपुस्तकात तिची नोंद होत नाही, कारण अर्जच केलेला नसतो.

पेन्शनची लढाई लढणाऱ्यांनी आजवर रकमेकडे अधिक लक्ष दिले, हे समजण्यासारखे आहे. समान पद व समान सेवा यांना समान पेन्शन, म्हणजेच ओआरओपी, ही मागणी राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली 2011 मध्येच उचलून धरली होती. (हेच पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, तेव्हा वेगळ्याच कारणांनी चर्चेत राहिले.) प्रत्यक्ष आदेश निघाला 7 नोव्हेंबर 2015 रोजी, जंतरमंतरवरच्या आंदोलनानंतर, आणि लाभ 1 जुलै 2014 पासून धरला गेला. दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला; पण जुलै 2019 पासूनच्या फेरआढाव्याला मंजुरी मिळाली ती डिसेंबर 2022 मध्ये, आणि तिची थकबाकीही हप्त्यांनी. त्या थकबाकीच्या सुनावणीत मार्च 2023 मध्ये सरकारने आपले म्हणणे बंद लिफाफ्यातून देऊ केले आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो लिफाफा घेण्यास नकार दिला. मला त्या प्रसंगातला विरोधाभास अजून आठवतो. पैसे देणाऱ्याला आपली टिपणी झाकून ठेवायची होती आणि पैसे घेणाऱ्याचे आधारपासून आजारापर्यंतचे सगळे कागद चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात पडलेले होते.

कायद्याचा आधार नाही असे नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क मानले. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आला. परंतु सरकारी लाभ देण्याच्या कामासाठी काही अटींवर वेगळ्या संमतीशिवाय माहिती हाताळण्याची मुभा हा कायदा शासनाला देतो, आणि पेन्शन ही त्याच कक्षेत येण्यासारखी बाब आहे. त्यामुळे इथे संमतीच्या चौकटीवर खूण करून घेण्याला फारसा अर्थ उरत नाही. माहिती कोणी कधी उघडली याची नोंद निवृत्त सैनिकाला स्वतःच्या खात्यात दिसावी; मदतनिसाला संकेतशब्द न देता एका कामापुरता आणि एका दिवसापुरता प्रवेश देता यावा; पावती पाहणाऱ्याला वैद्यकीय कागद दिसू नयेत; आणि पडद्यावरची भाषा मराठीसह सैनिकांच्या मातृभाषांत इतकी सोपी असावी की मदतनिसाची गरजच कमी व्हावी. पेन्शनवाढीच्या निवेदनांत हे चार मुद्दे अजून क्वचित दिसतात. ते पहिल्या पानावर यायला हवेत.

हयातीच्या दाखल्यापुरती परिस्थिती सुधारली आहे हेही नोंदवले पाहिजे. 2014 मध्ये सुरू झालेल्या जीवन प्रमाण सुविधेत 2021 पासून चेहऱ्याने ओळख पटवता येते, त्यामुळे झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून नोव्हेंबरात शाखेच्या पायरीवर ताटकळत बसणे टळते. वडिलांनी गेल्या वर्षी ते काम अंगणात, चांगल्या उजेडात, फोन स्वतःच्या हातात धरून केले.

गुणच द्यायचे तर हिशेबाच्या पारदर्शकतेला मी पाचपैकी चार देईन, नावांच्या दुरुस्तीला अडीच आणि गोपनीयतेला दोन. त्या दोनमधलाही एक गुण निव्वळ ओटीपीचा आहे. शेवटचा आकडा कडक वाटत असेल तर तो कुठून आला ते सांगतो. पहिल्या वर्षी वडील एका सेवा केंद्रात गेले होते, तेव्हा तिथल्या मुलाने ‘पुढच्या वेळी विसरलात तर पंचाईत नको’ म्हणून त्यांचे वापरकर्ता नाव आणि संकेतशब्द एका वहीत लिहून घेतले. त्याचा हेतू वाईट नव्हता. मला कळल्यावर आम्ही दोघे परत गेलो आणि ती नोंद खोडायला सांगितली. त्या पानावर वडिलांच्या वर अकरा आणि खाली चार नावे होती. वही टेबलावर उघडीच होती. मुलाने वडिलांची ओळ खोडली, परंतु पान फाडायला तो तयार झाला नाही. बाकीचे लोक नोव्हेंबरात येतील तेव्हा त्यांचे काय करायचे, असा त्याचा प्रश्न होता. घरी आल्यावर वडिलांनी त्या यादीतल्या ओळखीच्या नऊ जणांना फोन करून संकेतशब्द तातडीने बदलायला सांगितले. त्यांपैकी सात जणांनी तो कसा बदलायचा असे विचारले. ते सात जण येत्या रविवारी, आपापले फोन घेऊन, आमच्याकडे येणार आहेत.